गळती की अडगळ? : दीर्घकाळ चालणाऱ्या जावा प्रोग्रॅमच्या मेमरीवरील देखरेख

ग्रंथालयांतील आणि महाविद्यालयांतील मराठी मजकुराचे संग्रह संगणकावर आले, त्याला आता बराच काळ लोटला. जुन्या नियतकालिकांचे अंक, प्रबंध, स्थानिक बोलींचे शब्दसंग्रह, हस्तलिखितांच्या सूची असे बरेच काही आज पडद्यावर शोधता येते. हे सारे ज्या प्रणालींवर उभे आहे, त्यांतील पुष्कळशा जावा या संगणकभाषेत लिहिलेल्या आहेत. प्रबंधांसाठी आपण सर्वजण ज्याचे दार ठोठावतो, तो गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘शोधगंगा’ हा संग्रह डीस्पेस या प्रणालीवर चालतो. एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रणालीचा गाभा जावाचा आहे. तिच्या जोडीने शोधाचे काम करणारे सोलर हेही जावातच लिहिलेले आहे. असा प्रोग्रॅम सकाळी सुरू केला आणि संध्याकाळी बंद केला, असे होत नाही. तो महिनोन्महिने अखंड चालावा, हीच अपेक्षा असते.

नेमकी इथेच एक तक्रार ऐकू येते. आठ-दहा दिवस झाले की संग्रह मंदावतो, मग पाने उघडेनाशी होतात आणि शेवटी सर्व्हर पडतो. कुणीतरी येऊन तो पुन्हा सुरू करतो आणि पुन्हा आठ-दहा दिवस बरे जातात. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते : “मराठी मजकूर जड असतो, तो मेमरी खातो.” माझ्या पाहण्यातील एका ग्रंथालयात तर मराठी शोधाची सोयच काढून टाकावी आणि रोमन लिपीतील शीर्षके तेवढी ठेवावीत, असा प्रस्ताव कागदावर आला होता. तो कोणत्या गावचा, हे महत्त्वाचे नाही. बेळगाव, बडोदा, इंदूर, पणजी, कुठेही तो येऊ शकतो, कारण सगळीकडे संग्रह सांभाळणारे लोक भाषेचे आणि यंत्र सांभाळणारे लोक वेगळे असतात. अशा प्रस्तावाला अस्मितेच्या भाषेत उत्तर देऊन भागत नाही. मेमरी मोजावी लागते, आणि त्यासाठी काय मोजायचे हे आधी ठाऊक असावे लागते.

संदर्भ असेपर्यंत जीव

जावा प्रोग्रॅम चालू असताना सतत नव्या वस्तू निर्माण करतो. वाचकाने टाइप केलेला शब्द ही एक वस्तू, त्यातून तयार झालेली उत्तरांची यादी ही दुसरी, त्या यादीतील प्रत्येक नोंद ही आणखी एक. या सगळ्या वस्तू ज्या भागात राहतात त्याला हीप म्हणतात. हीप किती वाढू द्यायचा याची कमाल मर्यादा प्रोग्रॅम सुरू करतानाच देता येते. ती दिली नाही, तर यंत्राच्या एकूण मेमरीच्या सुमारे एक चतुर्थांश इतकी धरली जाते.

निरुपयोगी वस्तू काढून टाकण्याचे काम जावात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हाताने करावे लागत नाही. त्यासाठी गार्बेज कलेक्टर असतो. त्याला आपण कचरावेचक म्हणू. ही कल्पना जावाच्या जन्माच्या, म्हणजे १९९५ च्या, बरीच आधीची आहे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेसाठी १९६० च्या सुमारास ती मांडली. पण कचरा म्हणजे काय, हे वेचकाला कसे कळते? त्याचा निकष एकच आहे : या वस्तूकडे नेणारा संदर्भ कुठे शिल्लक आहे का? चालू असलेल्या कामांपासून आणि प्रोग्रॅमच्या कायमच्या नोंदींपासून निघून, संदर्भामागून संदर्भ धरत जिथवर पोचता येते ते सारे जिवंत, आणि जिथे पोचता येत नाही तो कचरा.

जावातील रेफरन्सला ‘संदर्भ’ हा मराठी शब्द इतका चपखल बसतो की तो मुद्दाम घडवलेला वाटू नये. ग्रंथालयात एखादे पुस्तक वीस वर्षे कुणी उघडले नसेल, पण सूचीत त्याचे कार्ड असेल तर ते रद्दीत जात नाही. कार्डच नाहीसे झाले तर मात्र कपाटातील ते पुस्तक असून नसल्यासारखे. वेचकही असाच वागतो. वस्तू उपयोगाची आहे की नाही, हे तो विचारत नाही. तिचे कार्ड आहे का, एवढेच तो पाहतो. पुढचा सारा घोळ या फरकातून होतो.

करवतीचे दात

अशा प्रोग्रॅमच्या मेमरीचा आलेख काढला तर तो करवतीच्या दातांसारखा दिसतो. वस्तू साचत जातात, रेषा चढते, वेचक येऊन जातो, रेषा झपकन खाली येते, पुन्हा चढते. ज्याने हे पहिल्यांदा पाहिले तो दाताच्या टोकाकडे बघून घाबरतो : “ऐंशी टक्के मेमरी भरली!” पण टोकाला फारसा अर्थ नसतो. जागा उपलब्ध आहे तोवर वेचकाला घाई नसते; घर मोठे असले की केर दोन वेळा काढायचा तो एकदाच काढला जातो, तसे. पाहायचे ते दातांच्या बुडाशी. वेचणी झाल्यानंतर जे उरते, त्याला मी इथे तळपातळी म्हणतो. समुद्रकाठच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. भरतीचे पाणी रोज वर येणारच; ओहोटीची रेषा रोज थोडी वर सरकू लागली तर मात्र काळजी करायची.

एक हिशेब करून पाहू. समजा, हीपची मर्यादा २ गिगाबाइट, म्हणजे २०४८ मेगाबाइट आहे. पहिल्या दिवशी तळपातळी ४०० मेगाबाइट होती, दुसऱ्या दिवशी ५५०, तिसऱ्या दिवशी ७००. रोज १५० ची भर. या गतीने अकराव्या दिवसाच्या सुमारास मर्यादा गाठली जाईल आणि प्रोग्रॅम मेमरी संपल्याची चूक दाखवून थांबेल. त्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो रखडू लागतो, कारण जागा कमी उरल्यामुळे वेचक पुन्हा पुन्हा धावतो आणि फारसे काही हाती लागत नाही. पॅरलल जातीच्या वेचकात तर यासाठी ठरलेला नियमच आहे : ९८ टक्क्यांहून अधिक वेळ वेचणीत जात असेल आणि २ टक्क्यांहून कमी जागा सुटत असेल, तर तो स्वतःच हात टेकतो. आता यंत्रात मेमरी वाढवून मर्यादा ४ गिगाबाइट केली, तर काय होईल? अकरा दिवसांऐवजी चोवीस-पंचवीस दिवस मिळतील. खरेदीचे बिल पास होते, महिनाभर सगळे खूश राहतात आणि सर्व्हर पुन्हा पडतो.

तळपातळी उंच असली तरी स्थिर असेल, तर प्रोग्रॅमला तेवढी मेमरी खरोखरच लागते. ती चढत असेल, तर कुठेतरी काहीतरी साचते आहे. पातळी आणि चढ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मराठीवरचा आरोप नेमका त्या एक मानण्यातून जन्मतो.

या साचण्याला सर्वत्र ‘मेमरी लीक’ म्हणतात आणि मराठीत तिचे ‘स्मृतिगळती’ असे भाषांतर होते. मला हा शब्द पटत नाही. गळती म्हटली की डोळ्यांपुढे ठिबकणारे छप्पर किंवा झिरपणारी टाकी येते; आतले बाहेर जाते. सी भाषेत तो शब्द काहीसा शोभतो. तिथे मागून घेतलेल्या जागेचा पत्ताच हरवतो आणि ती जागा परत करता येत नाही. जावात उलटे घडते. पत्ता हरवत नाही, तो जपून ठेवलेला असतो, आणि जपला म्हणूनच वेचक वस्तूला हात लावत नाही. घरात कधी लागेल म्हणून माळ्यावर टाकलेली, पुन्हा कधीच न लागणारी जी चीजवस्तू, तिला मराठीत अडगळ म्हणतात. जावातील हा दोष म्हणजे अडगळ. नेमाड्यांच्या कादंबरीच्या नावानंतर या शब्दाला वेगळी प्रतिष्ठा आली आहे, हे खरे. इथे तो साध्या घरगुती अर्थानेच घ्यावा. विद्यार्थ्याला ‘गळती’ सांगितले तर तो भोक शोधत बसतो. ‘अडगळ’ सांगितले तर ‘हे कुणी ठेवून दिले?’ असे विचारतो, आणि विचारायचे तेच असते.

देवनागरीचे वजन

आता मूळ आरोपाकडे वळू. मराठी मजकूर जड असतो का? काही अंशी असतो, आणि किती ते सांगता येते.

फाइलमध्ये सहसा वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. ‘मराठी तिप्पट जागा खाते’ ही समजूत इथून आली. पण हे तबकडीवरच्या फाइलचे झाले. चालू प्रोग्रॅमच्या हीपमध्ये हिशेब वेगळा असतो. जावा ८ पर्यंत सर्व लिप्यांना सारखाच न्याय होता : इंग्रजी असो वा मराठी, प्रत्येक चिन्हाला २ बाइट. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ ने एक काटकसर केली. शब्दातील सगळी चिन्हे लॅटिन-१ या संचातील असतील, तर ती प्रत्येकी १ बाइटमध्ये ठेवायची. एकही चिन्ह त्याबाहेरचे असेल, तर सगळा शब्द पूर्वीसारखा २ बाइटच्या हिशेबाने. म्हणजे मराठी महाग झाली नाही, इंग्रजी स्वस्त झाली. कानडीची, तेलुगूची आणि गुजरातीची गतही मराठीसारखीच. गोव्यात तर एक गंमत घडते : कोकणीचे तेच वाक्य रोमी लिपीत लिहिले तर बहुधा सवलतीत बसते, देवनागरीत लिहिले तर बसत नाही.

एक शब्द प्रत्यक्ष मोजू. ‘क्षितिज’ मध्ये संगणकाच्या दृष्टीने सात चिन्हे आहेत : क, हलन्त, ष, ऱ्हस्व इकार, त, पुन्हा ऱ्हस्व इकार आणि ज. योगायोगाने त्याच अर्थाच्या ‘होरायझन’ या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्येही सातच अक्षरे आहेत. ६४ बिटांच्या यंत्रावर, जावाच्या नेहमीच्या मांडणीत, शब्दाच्या वस्तूला २४ बाइट लागतात. तिच्यामागे अक्षरांची पेटी असते : शीर्षाचे १६ बाइट, त्यात अक्षरांची भर, आणि एकूण बेरीज आठच्या पटीत वर नेलेली. इंग्रजी शब्दासाठी ही पेटी १६ अधिक ७, म्हणजे २३, म्हणून २४ ची. मराठीसाठी १६ अधिक १४, म्हणजे ३०, म्हणून ३२ ची. एकूण इंग्रजी ४८ आणि मराठी ५६. तिप्पट नाही, दुप्पटही नाही, सहाला सात. सुट्या शब्दांत बांधणीचाच खर्च मोठा असतो. परिच्छेदाएवढा सलग मजकूर मेमरीत ठेवला, तर मात्र प्रमाण दुपटीच्या जवळ जाते.

एक लाख शब्दांचा कोश सबंध मेमरीत ठेवला आणि प्रत्येक शब्द ‘क्षितिज’एवढा धरला, तरी मराठीला ५६ लाख बाइट लागतील, इंग्रजीला ४८ लाख. फरक एक मेगाबाइटही भरत नाही. दोन गिगाबाइटच्या हीपला तो जाणवणारही नाही. जुन्या अंकांची पाने छायाप्रतींच्या रूपात असतात, तिथे तर पानावरची लिपी कोणती याचा प्रश्नच येत नाही.

आणि हा सारा हिशेब पातळीचा आहे. मराठीमुळे तळपातळी थोडी वर जाईल, पण ती रोज चढणार नाही. रोजच्या चढाचा दोष लिपीकडे जाऊ शकत नाही.

देखरेख कशी ठेवावी

सर्वांत सोपे माप प्रोग्रॅमच्या आतूनच घेता येते. रनटाइम या वर्गाकडे टोटलमेमरी, फ्रीमेमरी आणि मॅक्समेमरी अशा तीन गोष्टी विचारता येतात. इथे नावांचा घोटाळा आहे. फ्रीमेमरी म्हणजे मर्यादेपर्यंत उरलेली जागा नव्हे; आतापर्यंत जेवढा हीप यंत्राकडून घेतला आहे, त्यातील मोकळी जागा. टोटलमधून फ्री वजा केले की वापरलेली मेमरी मिळते, आणि मॅक्समधून ती वजा केली की खरी शिल्लक. फ्रीमेमरी ४० मेगाबाइट दिसली म्हणून मध्यरात्री कुणाची झोप मोडू नये.

यंत्राच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसणारा आकडाही फसवा असतो. त्यात हीपखेरीज प्रोग्रॅमच्या वर्गांची माहिती, चालू धाग्यांच्या जागा, भाषांतरित यंत्रसंकेत असे बरेच काही मिसळलेले असते. शिवाय जावा एकदा घेतलेली मेमरी यंत्राला लगेच परत करीलच असे नाही. हा आकडा उंच राहिला म्हणजे अडगळ आहे, असे ठरत नाही.

तळपातळीसाठी उत्तम साधन म्हणजे वेचणीची नोंदवही. जावा ९ पासून एक्सलॉग आणि त्यापूर्वी व्हर्बोज जीसी हा पर्याय देऊन प्रोग्रॅम सुरू केला, की प्रत्येक वेचणीची एक ओळ लिहिली जाते : आधी किती होते, नंतर किती उरले, हीप किती मोठा होता, किती मिलिसेकंद लागले. एक सावधगिरी मात्र हवी. वेचक बहुतेक वेळा फक्त नव्या वस्तूंचा केर काढतो, कारण बहुतेक वस्तू अल्पायुषी असतात. टिकून राहिलेल्या वस्तू जुन्या पिढीच्या भागात हलवल्या जातात आणि तिथली सफाई क्वचित होते. म्हणून कुठल्याही एका ओळीतील ‘नंतर’चा आकडा तळपातळी म्हणून घेऊ नये; दिवसभरातील सर्वांत कमी आकडा घ्यावा. जेस्टॅट ही आज्ञा चालू प्रोग्रॅमच्या जुन्या पिढीचा भराव टक्क्यांत दाखवते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी २००४ च्या जावा ५ पासून एक सोय आहे : मेमरीच्या प्रत्येक विभागाला ‘शेवटच्या वेचणीनंतर तुझ्यात किती उरले’ असे थेट विचारता येते, आणि ते ठरावीक रेषेवर गेले तर सूचना मिळवता येते. इतकी नेमकी सोय असताना बहुतेक ठिकाणी टोकाच्या आकड्यावरच घंटा बांधलेली आढळते.

चढ सिद्ध झाला की साचते काय ते पाहायचे. जेसीएमडी ही आज्ञा कोणत्या जातीच्या किती वस्तू जिवंत आहेत याची यादी देते. त्यासाठी ती आधी पूर्ण वेचणी करवते आणि प्रोग्रॅम काही क्षण थांबतो, म्हणून ती रात्री द्यावी. यादीच्या माथ्यावर जवळजवळ नेहमी अक्षरांच्या पेट्या आणि शब्द दिसतात. ते पाहून ‘बघा, मजकूरच!’ असे म्हणणे म्हणजे ग्रंथालयात सर्वांत जास्त कागद आहे असा शोध लावणे. एका दिवसाच्या अंतराने दोन याद्या घ्याव्यात आणि वजाबाकी करावी.

वर उल्लेखिलेल्या ग्रंथालयात असेच केले गेले. तळपातळी साध्या वहीत रोज लिहिली जाऊ लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दिसले की रविवारी, ग्रंथालय बंद असतानाही, ती तेवढीच चढते. म्हणजे वाचक दोषी नव्हते. रात्रंदिवस पाने चाळणारे शोधयंत्रांचे स्वयंचलित प्रोग्रॅम संग्रहातील प्रत्येक दुव्यावर जात होते आणि प्रत्येक दुवा हा एक नवा शोध होता. दोन याद्यांच्या वजाबाकीत शोधाचे शब्द आणि उत्तरांच्या याद्या वाढलेल्या आढळल्या. शेवटी हीपची संपूर्ण प्रत काढून ती मेमरी ॲनालायझर या साधनात उघडली आणि ‘हे कुणी धरून ठेवले आहे?’ याचा माग काढला. वाट एका तक्त्याशी थांबली. उत्तर लवकर मिळावे म्हणून प्रत्येक शोध आणि त्याचे उत्तर या तक्त्यात जपले जात होते, आणि काढून टाकण्याची तरतूदच नव्हती. उपायाला फार ओळी लागल्या नाहीत : तक्त्याला मर्यादा घातली आणि ती ओलांडली की सर्वांत जुनी नोंद जाईल असे केले. जावाच्या लिंक्डहॅशमॅपमध्ये त्याची सोय आयतीच आहे. तळपातळी स्थिरावली आणि मराठी शोध काढण्याचा प्रस्ताव मागे पडला.

हीपच्या प्रतीबद्दल एक सूचना. तिच्यात त्या क्षणी मेमरीत असलेले सारे काही असते : वाचकांची नावे, त्यांनी शोधलेले शब्द, कदाचित पासवर्डसुद्धा. ती ईमेलने कुणाकडे पाठवू नये आणि काम झाले की पुसावी.

त्या तक्त्यात मराठीच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे आणखी काही होते. एकच शब्द दोनदा, तीनदा नोंदलेला होता. ‘तऱ्हा’ पाहा. यातला ऱ एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून ‘तर्‍हा’ असाही. डोळ्याला तिन्ही एकच, जावाला तीन वेगळे शब्द. पहिल्या दोहोंना एकरूप करण्यासाठी जावा ६ पासून नॉर्मलायझर आहे. तिसरे रूप त्यात बसत नाही, कारण युनिकोड त्याला समतुल्य मानत नाही. ‘ॲ’चेही तेच. एक स्वतंत्र चिन्ह, अ वर चंद्र देऊन केलेले रूप आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह घातलेले रूप. ‘ॲकॅडमी’ हा एक शब्द तीन प्रकारे साठवला जातो, आणि नॉर्मलायझर यांतले काहीच जुळवत नाही. अडगळ यामुळे निर्माण झाली नव्हती, पण ती वाढली जरूर, आणि एका रूपात शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपातली नोंद सापडत नव्हती, ते वेगळेच. अशा जोड्यांचा तक्ता प्रोग्रॅम लिहिणारा करू शकत नाही. कोणती रूपे एक मानायची हे त्याला कुणीतरी सांगावे लागते. त्या ग्रंथालयात हे काम मराठी विभागाकडे आले आहे आणि ऱ व ॲ झाल्यावर आता हस्तलिखितांच्या सूचीतील अनुस्वार आणि परसवर्ण यांवर वाद सुरू आहे.